कारणाचा रकाना

प्रिय ठोंब्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अजून या नावाने हाक मारते म्हणून रागावू नकोस. दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही. एरवी फोनवर बोलणारी ताई एकदम कागदावर कशी उतरली, असं तुला वाटेल. फोनवर मी मध्येच तुझी समजूत घालायला लागेन आणि पुन्हा खोटं बोलेन. रविवारी बोलले तसं.

रविवारी तू प्लास्टिकच्या फोल्डरमधून कामावरून काढल्याचं ते पत्र काढून माझ्यापुढे ठेवलंस. तुझी नोकरी जाऊन चौदा महिने झाले, पण पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. सोळा वर्षं तू त्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलंस, डोळे मिटून नुसत्या बोटांनी बोल्टचं माप सांगायचास, आणि आता घडीवर झिजलेला तो कागद पुढे करून विचारत होतास की ताई, तू या धंद्यातली आहेस, माझं काय चुकलं तेवढं सांग. मी चहा टाकायला उठले. आतूनच म्हणाले, तुझं काही नाही रे, कंपन्या असंच करतात. निघताना चपला घालता घालता तू म्हणालास की गुरुवारच्या मुलाखतीला जाणार नाहीस. ज्याला स्वतःतली खोट कळत नाही त्याने दुसऱ्याच्या दारात कशाला जावं.

माझं काम नक्की काय, हे घरात कुणालाच धड कळलं नाही. आई शेजारणीला सांगायची, आमची थोरली मोठ्या माणसांचे पेपर तपासते. तसं ते अगदीच चूक नव्हतं. कुणाला घ्यायचं, कुणाला बढती द्यायची, कुणाचं कुणाशी का पटत नाही, हे सगळं मी बघते; पण कंपन्या मला बाहेरून बोलावतात त्या बहुतेक वेळा माणसं कमी करायची असतात तेव्हाच. मी बॅग घेऊन आत शिरले की बडबड थांबते आणि सगळे एकदम कामसू होतात. एका ठिकाणी माझं नाव गाळणी पडलं होतं. कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. नवीन मुलींना मी शिकवते की खोली छोटी असावी, दाराजवळची खुर्ची समोरच्याला द्यावी, पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवावा आणि जे सांगायचं ते पहिल्या मिनिटात सांगून टाकावं. घोळवत ठेवणं हा छळ असतो. बघ, मीही या पत्रात घोळवतेच आहे.

पूर्वी गैरहजेरीच्या आकड्यापुढे कारणाचा रकाना असायचा. बायकोचं आजारपण, मुलाचा अपघात, असं काहीबाही लोक लिहायचे. साहेब मंडळी ते वाचून मर्जीतल्यांना सोडून द्यायची आणि नावडत्यांची थट्टा करायची. ते बघून माझं डोकं फिरायचं. शेवटी मी तो रकानाच काढून टाकला. नाव नको, वय नको, फक्त कर्मचारी क्रमांक आणि आकडे. दोन वर्षांत तीस दिवसांहून जास्त गैरहजेरी असली की तो क्रमांक काढायच्या यादीत, मग तो कुणाचाही असो. कंपन्यांना ही पद्धत इतकी आवडली की माझं बस्तान तिच्यावरच बसलं. खरं सांगायचं तर मलाही तिचा फार अभिमान होता.

आईच्या केमोचे दिवस आठवतात? आपण पाळ्या लावून घेतल्या होत्या, एकदा तू, एकदा मी. तिच्या उशाशी एक वही असायची. तारीख, औषध, ताप, सगळं तू स्टोअरच्या नोंदीसारखं नीटनेटकं लिहायचास. माझी पाळी असेल त्या तारखेपुढे तू आधीच 'ताई' लिहून ठेवायचास आणि मी आले नाही की ते खोडून 'मी' लिहायचास. तक्रार म्हणून कधी केली नाहीस. मी म्हणायचे, एवढी वेळ सांभाळून घे, इथून पाय निघत नाही. तू म्हणायचास, तू तुझ्या कामाचं बघ, आम्ही दोघं पत्ते खेळतोय. आई पत्त्यात कशी लबाडी करते ते सांगून मला हसवायचास. ती गेली त्या दिवशीही पाळी माझी होती. त्याबद्दल आपण दोघंही कधी बोललो नाही.

आता ऐक. रविवारी तुझ्या पत्रातलं पहिलं वाक्य वाचलं आणि म्हणूनच मी चहा टाकायला उठले. 'आपल्या कामाच्या दर्जाबद्दल व्यवस्थापनाचा कोणताही आक्षेप नाही.' ते वाक्य माझं आहे; यादीसोबत पत्राचा मसुदाही मीच देते. तुमच्या कारखान्याचं काम मला एका मधल्या संस्थेकडून आलं होतं, कंपनीचं नाव झाकून, मीच घालून दिलेल्या पद्धतीने. तू गेल्यावर मी जुनी यादी उघडली. तुझ्या पत्रावरचा एकशे सत्तेचाळीस क्रमांक त्यात आहे. सोळा वर्षं, कामाला सर्वांत जास्त गुण, गैरहजेरी त्रेचाळीस दिवस. त्या ओळीवर मी थांबले होते, मला आठवतंय. एवढा चांगला माणूस इतके दिवस होता कुठे, असं मनात आलं होतं. उत्तर शोधायला रकाना नव्हता, म्हणून खूण करून पुढे गेले. मग मी आईची वही काढली आणि खोडलेले 'ताई' मोजले. एकोणीस. मी माझ्या पाळ्या केल्या असत्या तर तुझे चोवीसच दिवस भरले असते आणि आज तू तुझ्या स्टोअरमध्ये असतास. तुझं काही चुकलं नाही रे. चुकले मी, आणि दोनदा. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. या रविवारी आला नाहीस तर मी समजून घेईन. गुरुवारी मात्र जा. त्या दिवसांबद्दल विचारतील तेव्हा खाली मान घालू नकोस. त्यांच्या कागदावर कारणाला जागा नसली तर मागच्या कोऱ्या बाजूला लिही, आईजवळ होतो, आणि त्यातले एकोणीस दिवस बहिणीच्या जागी.

तुझीच,
ताई