पोटरीवरचे दोन ठिपके

मंगळवार, संध्याकाळ. रेवस.

आज बाबाचं रेबीजचं तिसरं इंजेक्शन होतं. तो गेलाच नाही. भरतीचं पाणी चुकेल म्हणून सकाळीच होडी काढली. पोटरीवर दोन ठिपके, तेवढेच. गेल्या मंगळवारी धक्क्यावरचा कुत्रा चावला, बाबाने त्यावर आधी चुना लावला. आता चार दिवस तो कुत्रा कुणालाच दिसलेला नाही.

"त्याला रोज बोंबलाची मुंडकी घालतो मी. मला काय करील तो?"

रेबीज कसा पसरतो हे लॅबमध्ये मी नेहमी शांतपणे सांगते. घरी आवाज चढला. मग कागदावर काढून दाखवलं. नस, म्हणजे मज्जातंतू, जिथे स्नायूला निरोप देते, तिथूनच विषाणू आत शिरतो. नस त्याला आपलाच समजून उचलते आणि मेंदूकडे नेते. वाटेत तो पेशी मारत नाही, म्हणून बोभाटा होत नाही. शरीराचा पहारा रक्तात, हा नसेत. लक्षणं दिसली की उपाय नाही. काढता काढता माझाच हात थांबला. इतकं लहान, इतकं अचूक. भीतीच्या आधी मला नवल वाटलं. बाबाच्या पायाबद्दल असं वाटावं?

बाबा कागदाकडे बघत राहिला.

"म्हंजे आमच्या डोलीच्या जाळ्यासारखं. जाळं एका जागी, आम्ही मासा ओढतो कुठं? पाणीच आणून देतं."

"हो."

"माशाला कळतं ते जाळं उचलल्यावर."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"सकाळी गाडी काढ. होडी न्हाय जायची उद्या."

तो झोपल्यावर ठिपके पुन्हा पाहिले. जवळजवळ भरलेत. बाहेरून.