इंजिनाच्या झाकणावरची पट्टी

३ मार्च
घरी बांधलेलं विमान तयार. म्हणजे जवळजवळ. इंजिनाच्या फायबरग्लासच्या झाकणाला वीतभर चीर आहे, एवढंच. शनिवारी इन्स्पेक्टर येणार. पास झालं तर मी उडणार. नाही तर शेड बायकोच्या शिवणवर्गाला द्यायची, असा तह झालाय. बायको विमानाला सवत म्हणते. सवतीने एकदा तरी घराबाहेर जावं, असंही म्हणते.

४ मार्च
झाकण जुनं, पॉलिएस्टर रेझिनमध्ये बांधलेलं. मी इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाची पट्टी लावणार. इपॉक्सी कशालाही चिकटतं. मेव्हणा म्हणाला, भावोजी, आधी सॉल्व्हंटने मेण काढा, मग सँडपेपरने चमक जाईपर्यंत खरवडा. दाढेत सिमेंट भरताना आम्हीही तेच करतो. मेव्हणा डेंटिस्ट आहे. माणसाने जबड्याबाहेर पडू नये.
त्या झाकणाला मी दर रविवारी गाडीचं वॅक्स लावत आलोय. आरसा आहे आरसा. तो खरवडू? हा माझा अहंकार तर नाही, असं स्वतःला कठोरपणे विचारलं. नाही, असं प्रामाणिक उत्तर आलं.

५ मार्च, सकाळ
तडजोड म्हणून झाकण फडक्याने पुसलं. फडकं वॅक्सचंच, पण स्वच्छ.
इपॉक्सी स्टीलच्या वाटीत कालवलं, जेवणाच्या टेबलावर. बायकोने वार्निश करायला टेबल कालच घासून, पुसून, कोरडं करून ठेवलं होतं. वाटीवरून थोडा ओघळ गेला. किरकोळ.
पट्टी अप्रतिम बसली. डोळे पाणावले. वासानेही असेल.

६ मार्च
वाटी टेबलावरून निघत नाही. बायको म्हणाली, इतकी वर्षं विमान जोडताय, आणि जोडलीत काय, तर माझी वाटी! क्षुद्र वादात पडायचं नाही, असा संकल्प आहे.
मेव्हण्याचा फोन. भावोजी, एक छोटा नमुना चिकटवून ओढून तर बघा, म्हणे. एक नमुना फोनवर होता, तेवढा पुरे.

७ मार्च, शनिवार
इन्स्पेक्टरने पट्टीच्या कडेला नख लावलं. मी म्हणालो, बिनधास्त ओढा. ओढावी लागलीच नाही. अख्खी पट्टी सालपटासारखी हातात आली. आतून इतकी गुळगुळीत, की तीत मला माझा चेहरा दिसला. मेव्हणा मुद्दाम आला होता; त्याने रुमाल तोंडात कोंबला. इन्स्पेक्टर म्हणाला, साहेब, ही वर गेल्यावर सुटली असती तर थेट मागच्या प्रोपेलरमध्ये. नापास.
मग चहा. कपाला जागा करायला त्याने वाटी सरकवली. टेबल सरकलं. त्याने वाकून, टॉर्च मारून जोड पाहिला. विचारलं, हा पृष्ठभाग कोणी तयार केला? बायको म्हणाली, मी. तो म्हणाला, वा! असा जोड हवा.

८ मार्च
विमान अंगणात, ताडपत्रीखाली. शेडमध्ये शिलाई मशीन. झाकण खरवडून देशील का, असं बायकोला विचारलं. म्हणाली, आधी माझी वाटी सोडवा.
सकाळपासून छिन्नी घेऊन बसलोय. हलत नाही.
इपॉक्सी कशालाही चिकटतं, हे मी म्हणालोच होतो.