कॅमेरा हटाव, चौक बचाव

४ मार्च, सकाळी ९
टपालाने दंडाची नोटीस आली. चौकातल्या नव्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो सोबत. दिवा लाल, गाडी चौकाच्या मधोमध, छपरावर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, फोन नंबरासकट. गाडी एक शिकाऊ बाई चालवत होत्या. पण शेजारी बसून ‘काढा, काढा’ म्हणून ओरडणारा इसम मीच, हे नाकारता येत नाही. बायको म्हणाली, तोंड जरा जास्तच उघडलंय.
सव्वीस वर्षं गाडी शिकवतोय. दिवा पिवळा झाला की काढायची, हा माझा पहिला धडा. कालच्या मशीनने मला शिकवावं?
निर्धार: कॅमेरा घालवायचा. उद्या पहाटे पाचला उठून निवेदन लिहायचं.

५ मार्च
साडेआठला उठलो. गजर बायकोने बंद केला असणार. (मीच केला, असं तिचं म्हणणं.)

६ मार्च
समिती स्थापन. अध्यक्ष मी. सचिव तात्पुरता मीच. बायकोला उपाध्यक्षपद देऊ केलं. ती म्हणाली, तिला कॅमेरा आवडतो, हल्ली रस्ता ओलांडता येतो. फितुरी घरातूनच सुरू होते.

९ मार्च
निवेदन तयार. रकाने चार: नाव, पत्ता, सही आणि ‘गाडी कुठे शिकलात?’ चौथा रकाना खास माझ्या डोक्यातून निघालेला. शाळेची फुकट जाहिरात, शिवाय सही करणारे रीतसर शिकलेले लोक आहेत हे वाहतूक कार्यालयाच्या साहेबांना दिसेल. शाळेच्या परवान्याची मुदत एप्रिलअखेर संपतेय. नूतनीकरण याच साहेबांच्या हातात. छाप पडलेली बरी.

१४ मार्च
सह्या त्र्याऐंशी! पहिली दातांच्या डॉक्टरांची. माझा लाडका विद्यार्थी, आतापर्यंत तीन नोटिसा. माझी दाढ तपासता तपासता सही केली. मला भाषण करायचं होतं, पण तोंडात आरसा होता.
बायकोने यादी वाचली. चौथ्या रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं आणि विचारलं, हा ठेवायचाच का? तिला जाहिरातीतलं काही कळत नाही.

१७ मार्च
चौकात लाक्षणिक उपोषण. नाश्ता ते दुपारचं जेवण. नाश्ता जरा उशिरा झाला आणि जेवण साडेअकराला उरकलं, त्यामुळे उपोषण आटोपशीर झालं.
स्टुलावर बसल्या बसल्या शाळेची मुलं रस्ता ओलांडताना पाहिली. कुणी पळालं नाही. एक तर चक्क बुटाची नाडी बांधायला मध्येच थांबला. बरं वाटलं. हे समितीत बोलायचं नाही.

२१ मार्च
सुनावणी. साहेबांनी निवेदन पेन्सिल घेऊन वाचलं. पहिले तीन रकाने सोडून दिले, चौथ्यावर खुणा करत गेले. मला वाटलं, छाप पडतेय. मग म्हणाले, त्र्याऐंशीपैकी एकाहत्तर लोक तुमच्याच शाळेतले. सिग्नल तोडायला लोक शिकतात कुठे, हे आम्ही सहा महिने शोधतोय, तुम्ही सह्यांनिशी आणून दिलंत.
टेबलाखाली बघत बसलो.
निर्णय: लोकांची मागणी म्हणून कॅमेरा एप्रिलअखेरपर्यंत बंद. शाळा मात्र नजरेखाली. तोवर माझ्या हातून एक जरी अपघात झाला तर नूतनीकरण विसरायचं.
मुख्य मुद्दा: कॅमेरा बंद! विजय! गल्लीत मिठाई वाटली. बायकोने घेतली नाही.

२२ मार्च
आता जोखीम नको. फळ्यावर लिहिलं: पिवळ्याला थांबा. शिकाऊ बाईंनी विचारलं, मग आधी शिकवलंत ते चूक होतं का? म्हटलं, ते बरोबरच होतं, हे अधिक बरोबर आहे. त्यांनी वहीत दोन्ही लिहून घेतलं.

२ एप्रिल, दुपारी १
थांबलो! पिवळ्याला, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, एकही चाक पुढे नाही. गाडीत एकटाच होतो, शाबासकी द्यायलाही कुणी नाही. दोन सेकंद फार छान गेले.
मग मागून दातांचे डॉक्टर आदळले. डिकी चपटी. खाली उतरून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, सर, पुढे तुमची गाडी दिसली म्हणून मी निर्धास्त दाबली, तुम्ही थांबाल असं वाटलंच नाही.
इथवर ठीक होतं. पोलीस आले तेव्हा मात्र डॉक्टरांनी लिहून दिलं की सरांनीच गाडी मागे घेतली. तीन नोटिसांमुळे त्यांचंही लायसन्स टांगणीला आहे. नजर मात्र वर केली नाही.

३ एप्रिल
कार्यालयात गेलो. साहेबांना म्हटलं, कॅमेऱ्यातला फोटो बघा, गाडी जागची हललेली नाही. साहेबांनी माझंच निवेदन पुढे सरकवलं. कॅमेरा बंद. अर्जदार: मी.
पुरावा नसेल तर अपघात माझ्या नावावर, आणि शाळा बंद. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नियमाने थांबलो आणि ते पाहिलं कुणीच नाही. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी ग्लास पुढे केला, तेही पाणीच.

५ एप्रिल
नवं निवेदन: चौकातला कॅमेरा तातडीने सुरू करावा. रकाने तीनच.
दोन दिवस त्याच त्र्याऐंशी घरी फिरलो. चहा सगळ्यांनी दिला. डॉक्टरांनी दाढ फुकट भरून दिली. सही कुणी केली नाही.
संध्याकाळपर्यंत सह्या दोन. दुसरी माझी. पहिली बायकोची.