दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नसतं

३१ ऑगस्ट, रविवार. कोल्हार

ठरलं. विकायचं. सगळं.

आज घरी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. टीव्ही गेमचे तीन डबे, रिमोट, बदकं मारायची बंदूक आणि काठापर्यंत कॅसेटी. मी आणि दादाने लहानपणी एकेक करून जमवलेल्या. पुढे राहात्याचं गेम पार्लर बंद पडलं तेव्हा त्यांच्या उरलेल्याही आणल्या. डिसेंबरात माझं लग्न. समर्थचं घर सावेडीत, मी नोकरीसाठी राहते तिथेच. दोन खोल्या आणि किचन, त्यात सासू-सासरे. रुखवतात कॅसेटी मांडता येत नाहीत. शिवाय मी आता फार्मासिस्ट आहे. घरातली पहिली शिकलेली. अशा माणसाने पेट्या सांभाळू नयेत.

निर्णय घेतला की हलकं वाटतं म्हणतात. अजून वाटलेलं नाही. वाटेल.

एकच अडचण. पेटीतलं निम्मं दादाचं आहे. त्याला न विचारता विकणं बरोबर नाही. उद्या फोन.

२ सप्टेंबर, मंगळवार. सावेडी

फेसबुकवर टाकलेला फोटो बघून पुण्याच्या वाल्मिक नावाच्या मुलाने मेसेज केला. जुने गेम जमवतो. सगळी पेटी घेईल. दोनच अटी. कॅसेटींवरची लेबलं शाबूत हवीत आणि माल स्वच्छ हवा. मी हो म्हणाले.

मग दुपारभर अस्वस्थ. ‘९९९९ गेम’ छापलेल्या कॅसेटीत खरे सातच गेम आहेत, तेच परत परत येतात. हे लपवणं म्हणजे फसवणूक. कळवलं. त्याने हसणारा चेहरा पाठवला. हसण्यासारखं काय ते समजलं नाही. आमच्या मेडिकलमध्ये पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच गोळ्या निघतात.

दादाला फोन : उद्या.

३ सप्टेंबर, बुधवार

दादाला फोन केला नाही. त्याची शिफ्ट माहीत नाही. सेकंड असेल तर कामावर असेल. नाइट असेल तर झोपलेला. फर्स्ट असेल तर घरी असेल, पण दमलेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं साफ होईल.

दादा, म्हणजे आदिनाथ, शेती सोडून चाकणला कंपनीत गेला म्हणून अण्णांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. अण्णांनी बोलणं सोडलं म्हणून त्याने घरी येणं सोडलं. तीन दिवाळ्या झाल्या. अण्णा त्याचं नाव घेत नाहीत. घ्यावंच लागलं तर ‘चाकण’ म्हणतात.

या भांडणात मी नाही. माझे दोघांशीही संबंध उत्तम आहेत. दादाला मी वाढदिवसाला मेसेज करते, तो अंगठा पाठवतो. म्हणून गेमविषयी बोलायला मीच योग्य. लग्नाला येणार का, हे विचारायचं नाही. तो वेगळा विषय आहे. दोन विषय एकत्र केले की गोंधळ होतो.

७ सप्टेंबर, रविवार. कोल्हार

आईने भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘कानपिळीला कोन उभं करायचं?’’

नवरदेवाचा कान नवरीच्या भावाने पिळायचा असतो. आमच्याकडे भाऊ एकच.

अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘‘आप्पासाहेबाचं पोरगं हाय की.’’ म्हणजे माझा चुलतभाऊ.

‘‘चौथीत हाय ते. नवरदेवाच्या कानापोत्तर हात तरी पुरंल का त्याचा?’’

‘‘स्टूल देऊ.’’

आईने भाकरी इतक्या जोरात उलटली की तव्यावरून खाली गेली. माझा प्रश्न फक्त गेमचा आहे.

दुपारी दोन्ही रिमोट पुसून ठेवले. पहिला दादाचा, दुसरा माझा. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नसतं, कंपनीच देत नाही. म्हणून शाळेतून आल्यावर गेम लावायचा, रिमोट धरायचा आणि दादा मळ्यातून येईपर्यंत टीव्हीसमोर बसून राहायचं. पहिला रिमोट घेतला असता तर कोणी ओरडलं नसतं. पण तो त्याचा होता.

हे इथे लिहायचं कारण नव्हतं.

९ सप्टेंबर, मंगळवार. सावेडी

पितृपक्ष लागला. व्यवहार नको. वाल्मिकला घटस्थापनेचा मुहूर्त दिला. त्याने लिहिलं, ताई, जुन्या वस्तूंना पितृपक्ष चालतो. हे त्याने कुठे वाचलं कुणास ठाऊक. दादालाही आत्ता फोन करणं बरं नाही, दोन आठवडे वाट बघणं भाग आहे.

मोठा भार उतरला.

११ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्षात फोन नको, पण मेसेजला हरकत नसावी. कच्चा मजकूर केला : ‘आदरणीय दादा, आपल्या दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबाबत तुझी संमती आवश्यक असल्याने...’ मोनिकाने, माझ्या रूममेटने, मागून वाचला.

‘‘बाई गं, भावाला मेसेज करतीयेस का वकिलाची नोटीस धाडतीयेस?’’

मी म्हटलं, गैरसमज व्हायला नको.

‘‘सरळ लिही ना, दादा लग्नाला ये. संपलं.’’

तिला समजावून सांगितलं की प्रश्न लग्नाचा नाही, कॅसेटींचा आहे. दादाचा त्यांच्यात फार जीव आहे. अचानक विकल्या तर त्याला धक्का बसेल. माझं काय, मी कधीच पुढे गेले.

‘‘हो का,’’ म्हणाली आणि बादली उचलून कपडे वाळत घालायला गेली. मोनिका चांगली मुलगी आहे, पण तिला बारकावे कळत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

रविवारची ड्यूटी आली. घरी जाता आलं नाही. आईला फोन केला. सांगितलं की गिऱ्हाइकाला माल चकाचक लागतो, मी येऊन स्पिरिट आणि कापसाने एकेक कॅसेट पुसणार आहे.

आई म्हणाली, ‘‘तेवढ्यासाठी कशाला जीव काढतीस? ह्या आठवड्यात दसरा काढायचाच हाय. व्हईल चकाचक.’’

मी म्हटलं, बरं. आईवर एखादी गोष्ट सोपवली की काळजी राहत नाही. शांत झोप लागणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाठवला! जेवणाच्या सुट्टीत, डोळे मिटून. सगळा मजकूर काढून टाकला आणि एवढंच लिहिलं : ‘दादा, गेम विकू का?’

दोन निळ्या खुणा लगेच. एका पेशंटला खोकल्याचं औषध देताना बाटलीवरची तारीख तीनदा तपासली.

उत्तर आलं : ‘कोणते?’

१९ सप्टेंबर, शुक्रवार

‘कोणते’चा विचार केला. तो विसरला असं नाही. धक्का बसला की माणूस आधी असंच काहीतरी विचारतो. त्याला सावरायला वेळ दिला पाहिजे. म्हणून मी उत्तर दिलेलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. कोल्हार

काय लिहू.

घट बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे डबे, भांडी, गोधड्या, चिंधी न् चिंधी बाहेर काढून धुवायची. नदीला भंडारदऱ्याचं पाणी सोडलंय, म्हणून यंदा आईने मळ्यातल्या मोटरीवर धुणं काढलं.

मी अंगणात आले तर ओट्यावर गोधडी, आणि गोधडीवर कॅसेटी. ओळीने मांडलेल्या. एकाही कॅसेटीवर लेबल नाही. तारेवर रिमोट. वायरीला चिमटे लावून, अण्णांच्या बनियनशेजारी.

आई पदराला हात पुसत आली. चेहरा नुसता फुललेला. ‘‘सोडा टाकून रातभर भिजू घातल्या व्हत्या. मग घासनीनं घासल्या. कागद लई चिवट, निघंनात. मग बसले नखानं काढीत. आता बघ, दुकानातून आनल्यावानी झाल्या का न्हाई?’’

अण्णा बाजेवरून म्हणाले, ‘‘बंदूक बी धुतलीया. आता तेवढं लायसन काढ.’’

मला बोलायचं होतं. की लेबलांशिवाय वाल्मिक घेणार नाही. की आत सर्किट असतं. पण आईच्या अंगठ्याचं नख सोड्याने पांढरं पडून चिरलं होतं. मी म्हटलं, छान झाल्यात.

हे खोटं होतं. तिला खरं कधी सांगायचं ते ठरवावं लागेल. घटात नको. दसऱ्यानंतर.

२२ सप्टेंबर, सोमवार. कोल्हार (रजा)

घट बसले. वाल्मिकला सगळे फोटो पाठवले, काहीही न लपवता. त्याने लिहिलं, ‘अरे देवा.’ मग लिहिलं, ‘ऑल द बेस्ट, ताई.’ मग काही नाही.

आता दादाला कळवणं भाग होतं. मालमत्तेचं नुकसान झालंय, तो सहमालक आहे. ओट्याचा आणि तारेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘हे गेम. आईने धुतले.’

त्याचा आवाजी मेसेज आला. मला वाटलं रडतोय. हसत होता. बराच वेळ नुसता हसत होता, मधेच श्वास घेऊन म्हणाला, ‘‘बंदूक बी?’’ आणि परत हसायला लागला. शेवटी म्हणाला, ‘‘पंके, लगेच लावू नको. चांगलं आठवडाभर ऊन दे. मग चालत्यात.’’

अण्णा बाहेर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. ‘‘कोन हसतंय?’’

मी म्हटलं, चाकण.

आवाज नीट आला होता की नाही हे तपासायला मी मेसेज परत लावला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा लावला तरी अडकित्ता हलला नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार. कोल्हार

आठवडाभर ऊन दिलं. पाऊस आला की आई गोधडीसकट सगळं आत ओढायची, असं कळलं.

कॅसेटीची टोकं स्पिरिटने पुसून लावली. अण्णांच्या टीव्हीला मागे अजून पिवळी-पांढरी भोकं आहेत. कुठली कॅसेट कुठली ते आता ओळखू येत नाही. पहिलीच लावली, पडदा हलला आणि रणगाड्यांचा गेम आला. तोच आवाज. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘चालतंय का? म्हनलं न्हवतं का, धुतल्यानं काय बिघडतंय?’’

पण पहिला रिमोट मेला आहे. एकही बटण लागत नाही. दुसरा ठणठणीत, त्याला स्टार्ट नाही. त्यामुळे गेम चालू आहे आणि चालू होत नाही.

दादाला कळवलं. मनात म्हटलं, रिमोट दुरुस्त करायला फक्त त्यालाच येतं, एवढ्यासाठी तरी यावं लागेल. आला की आपोआप जेवायला बसेल. बसला की समोर अण्णा असतील. एकदा आला की डिसेंबरातही येईल. मी हे सगळं मुद्दाम जुळवून आणलं असं नव्हे, पण जुळत होतं.

उत्तर आलं : ‘रबर गेलं असंल. कुरियर कर.’

कुरियर.

आईला मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा दारात चपला घालत होते. मी रिमोट टीव्हीवर ठेवून आले. कसा पॅक करायचा याचा विचार करते. नाजूक वस्तू आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. सावेडी

कुरियर न करण्याचा निर्णय. दसऱ्याला घरी गेल्यावर दादाला व्हिडिओ कॉल करून स्पष्ट सांगणार : वस्तू नाजूक आहे, तू स्वतः ये. आणि मग, विषय निघालाच तर, लग्नाचंही सांगणार. मोनिकासमोर दोनदा म्हणून बघितलं. ती म्हणाली, ‘‘मला पटलं. मी येते तुझ्या लग्नाला.’’

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. कोल्हार

टीव्हीवर रिमोट नाही.

सगळीकडे शोधला. पेटीत, तारेवर, धुण्याच्या बादलीतसुद्धा. आई झेंडूचं तोरण ओवत बसली होती. म्हणाली, ‘‘शोधू नको. तुझे अण्णा घेऊन गेलं. आज सकाळच्या यष्टीनं.’’

कुठे, म्हणून विचारलं.

‘‘कुठं म्हंजे? पिशवीत रिमोट टाकला, वर शेंगदान्याचे लाडू ठेवले. म्हनले, कुरियरवाले आपटत्यात.’’

मी म्हटलं, मला न विचारता?

‘‘मला तरी कुठं इचारलं? धुतलेली टोपी कुठाय, एवढंच इचारलं.’’

एक महिना या प्रकरणाचा सगळ्या बाजूंनी विचार फक्त मी केला. परवाच माझा निर्णय पक्का झाला होता. आज जाहीर करणार होते. आपट्याची पानं घेऊन बसले आहे आणि सोनं द्यायला घरात आईशिवाय कोणी नाही.

संध्याकाळ

टीव्ही लावला. रणगाड्यांचा गेम, खाली ‘प्रेस स्टार्ट’ लुकलुकतंय. दुसरा रिमोट हातात धरून बसले. आई येऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘हे असंच असतंय का हे?’’ मी म्हटलं, हो, थांबावं लागतं.

दादाचा मेसेज आला : ‘अण्णा पोचले. रबर बदलायला दोन दिवस लागतील.’

रबर बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. चार स्क्रू काढायचे, जुनं रबर उचलायचं, नवं बसवायचं. दादाला ते करताना मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. चुकीची माहिती तशीच राहू द्यायची नाही म्हणून लगेच तसं सविस्तर टाइप केलं.

मग पुसलं.