आईंच्या पायथ्याची चित्रं

प्रिय धर्मपाल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तुला आधी कोर्टाच्या कागदांची शंका येईल. तसं काही नाही, ते केव्हाच मिटलं. माझं ठीक चाललंय. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी आहे, अमरावतीचं ऊन आहे, संध्याकाळी घरी येऊन स्वतःच कुलूप उघडायची सवय आहे. लिहायला निमित्त कॉम्प्युटरचं झालं. निदान सुरुवात तिथून करते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

तू लॅपटॉप घेऊन अकोल्याला आईंकडे राहायला गेलास आणि टेबलावरचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. यंदा तो इतका हळू झाला की बटण दाबून चहा करून आणावा, तरी उघडलेला नसे. शेवटी दुरुस्तीच्या दुकानातल्या देवमनला बोलावलं. त्यानं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं आणि मध्येच म्हणाला, ‘मॅडम, मेल आयडी सांगा.’ मी सांगितला तो आपण दोघांनी मिळून उघडलेला, घर घेतलं तेव्हाचा. जुना पासवर्डही चालला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरंच वाटलं नाही का, हे मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं. ग्रंथालयाचा मेल होता की माझ्याकडे. तो का नाही आठवला?

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला. माउसचा बाण अंगठ्याएवढा आणि काळाकुट्ट झाला. अक्षरं मोठी व्हायची. मी लहान केली की पुन्हा मोठी. आणि स्क्रीनवरचं चित्र रोज सकाळी बदललेलं असायचं. एकदा नांगरून पडलेलं काळं वावर. एकदा हातपंप आणि त्याच्याखाली पाणी भरायला ठेवलेला स्टीलचा गुंड. मग एक म्हैस, सबंध स्क्रीन भरून, आणि तिच्या नाकावर तो काळा बाण. डायरीत मी याला व्हायरस म्हटलं. देवमननं दुसऱ्यांदा सगळं पुसलं, पुन्हा टाकलं, मी पुन्हा तोच मेल दिला. ‘मशीनले काईच झालं नाई, मॅडम. तुमीच झोपेत काई दाबून राहिल्या असान,’ असं म्हणून तो गेला. म्हैस परत आल्याचं फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘आता तिले चारा टाका, मले फोन नका करू.’ त्या दिवशी मी घरात एकटीच मोठ्यानं हसले, आणि हसण्याचा आवाज ऐकून गप्प झाले.

मग एका सकाळी आलेल्या चित्रात बांध होता आणि बांधावर एका बाजूला झुकलेला निंब. बार्शीटाकळीचं आपलं वावर. म्हणजे तुमचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच निंबाखाली आईंनी मला भाकर-ठेचा खायला बसवलं होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर म्हणाल्या होत्या, ‘कॉलेजात काय शिकोलं वं तुले, मिर्ची खाता येत नाई तं?’ चित्र ओळखलं आणि मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. तुझ्याकडे आणि माझ्याकडे एकच खातं उघडं होतं. तू तिकडे बदललेलं इकडे येत होतं. पण तू म्हशीचं चित्र का लावशील? आणि इतकी मोठी अक्षरं तुला कशाला लागतील?

ते पिंकीकडून कळलं. तुमच्या शेजारची पिंकी बडनेऱ्याच्या फलाटावर भेटली. गाडीला वेळ होता. मी नुसतं ‘आई कशा आहेत?’ विचारलं तर ती म्हणाली, ‘तुमाले कोणी सांगतलं नाई, वहिनी? काकू न्हाणीत पडली तवापासून खाटेवरच हाय. नजरही गेल्यासारखीच झाली. धरमदादा पायथ्याशी लॅपटॉप ठेवते. रोज नवं चित्र पायजे तिले. कालचं दाखोलं तं म्हणते, हे पाहून झालं ना बापा, म्हैस कुठी हाय?’ पिंकी हसत होती. मीही हसले. तिची गाडी आली, ती चढली. माझी गाडी आली तेव्हा मी बाकावरून उठलेच नाही. ऑटो करून घरी परतले.

त्याच दिवशी मी त्या खात्यातून बाहेर पडायला हवं होतं. ती चित्रं दुसऱ्यासाठी लावलेली होती आणि मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते. देवमनला सांगितलं असतं तर त्यानं चुटकीसरशी केलं असतं. मी सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी कॉम्प्युटर लावायची, आणि नवं चित्र दिसलं की घरात कोणीतरी माझ्याआधी उठलंय असं वाटायचं. तुझं-माझं मोडलं, त्याचं आता मला फारसं दुखत नाही. हे खरं आहे, तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पण आईंचं आणि माझं कधी मोडलंच नव्हतं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कुणी कागद केले नाहीत. ते आपलं आपण बंद पडलं.

आणि मग मी एक गोष्ट केली. तुला ती कळली असणारच. गेल्या रविवारी मी सरगुंडे केले. आईंनी शिकवल्यासारखे, कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून, मग काडी अलगद ओढून काढायची. माझे अजूनही तुटतात. एकटीसाठी कुणी सरगुंडे करत नाही, तरी केले, ताटात मांडून फोटो काढला आणि तो स्क्रीनवर लावला. तिकडे जाईल हे ठाऊक असताना लावला. नंतर दिवसभर मला लाज वाटत राहिली. बिछान्यावरच्या बाईच्या डोळ्यांपुढे न विचारता जाऊन उभं राहण्यासारखंच ते. संध्याकाळी काढायला गेले, पण हात धजला नाही. सोमवारी तू नवं चित्र लावशील असं वाटलं. तू लावलं नाहीस. मंगळवारीही सरगुंडेच. बुधवारीही.

आज सकाळी चित्र बदललं. गोधडीवर आईंचा हात. फार बारीक झालाय रे. बांगडी कोपराकडे सरकलीय. आणि मुठीत सरगुंड्यांच्या काड्यांची जुडी.

मी आज रजा टाकली आणि दिवसभर तो हात पाहत बसले. त्या मला बोलावतायत, असं मला वाटतं. पण मला तसं वाटायलाच हवंय, म्हणून माझ्या वाटण्यावर माझा भरवसा नाही. कदाचित त्यांनी नुसत्या काड्या मागितल्या असतील. कदाचित फोटो तूच आपल्या मनानं लावलास. चित्रांवरून अर्थ काढून मी दारात येऊन उभी राहिले आणि तो चुकीचा निघाला तर त्याचा त्रास तुम्हा दोघांना. फोन केला असता, पण फोनवर तुला नाही म्हणता येत नाही, आणि तसला हो मला नको. आणखी एक आहे, आणि खरं तर त्याचसाठी हे लिहायला बसले. मला यायचंय, धर्मपाल. त्यांचे पाय चेपून द्यायचेत, त्यांच्या शिव्या खायच्यात. पण मी आले की त्या माझा हात धरून पहिलं हेच विचारतील, ‘आता राहून राहिली ना?’ त्या वेळी खोटं बोलायचं का? हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी माझी पिशवी उचलताना त्यांना काय सांगू? नाही म्हणायला माझं तोंड उघडणार नाही. एकटीनं याचं उत्तर काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्या तुझ्या आई आहेत, त्यांना काय सोसेल हे तुला ठाऊक. तेव्हा काय सांगायचं ते तू लिही. तू लिहिशील तेच मी बोलेन. येऊच नकोस असं लिहिलंस तर तेही वाचेन, आणि त्या खात्यातून बाहेर पडेन. तुझं उत्तर मला मिळेपर्यंत मात्र स्क्रीनवरून तो हात काढू नकोस.

आईंचीच,
उत्पला