साडूचे जिवाणू आणि आमची मोरी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मन शांत ठेवण्यासाठी. तसं ते शांतच आहे.

सासूबाई साडूकडे राहायला गेल्या त्याला आज सोळा दिवस झाले. मोजत नाही मी, कॅलेंडरवर दिसलं. सात वर्षं आमच्याकडे होत्या. गेल्या का, तर आमच्या बाथरूमच्या मोरीत पाणी तुंबतं आणि त्या घसरता घसरता वाचल्या. अहो, घोट्याएवढं पाणी! घोट्याएवढ्या पाण्यात कुणी बुडालंय का आजवर? हे मी त्यांना तेव्हाच नीट समजावलं होतं. तासभर.

संध्याकाळी ७.३०
हिने आईला फोन लावला, स्पीकरवर. मुद्दाम. साडूच्या घरच्या मोऱ्या म्हणे लख्ख. साडूने म्हणे घरात जिवाणू पाळलेत. कॅनमध्ये! त्यांना साखर आणि चमचाभर तेल खायला घालतो, मग ते स्वतःच साबणासारखं काहीतरी तयार करतात आणि त्याने पाइपातला मेणचट थर सुटतो. अॅसिड नको, वास नाही. वर सासूबाई काय म्हणाल्या, तर जावईबापूंच्या हाताला यश आहे हो.

जावईबापू! सात वर्षं ही पदवी माझी होती. तो चष्म्याच्या दुकानात काचा पुसणारा माणूस. आणि मी? बावीस वर्षं गटार-नळ तक्रार खिडकीवर बसतोय. या शहरातली एक मोरी दाखवा जिची तक्रार माझ्या हाताने नोंदलेली नाही. (तक्रार निस्तरायचं काम दुसऱ्या खात्याकडे आहे.)

संकल्प: आपणही जिवाणू पाळायचे. साडूपेक्षा जास्त.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०
आज खिडकीवर एक गृहस्थ आला. तीच तक्रार तिसऱ्यांदा, आणि फॉर्म उलटा भरलेला! हा किस्सा सासूबाईंना सांगण्यासारखा. रोज या वेळी त्या चहा घेऊन खुर्चीत बसायच्या आणि मी दिवसभरातलं सगळं सांगायचो, पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या तक्रारीपर्यंत. डोळे मिटून ऐकायच्या. इतकं एकाग्र ऐकणारं माणूस लाखात एक.

हिला सांगायला गेलो. हिने मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं.

५ फेब्रुवारी
साडूकडे गेलो. सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला. जाता जाता मोरी पाहिली. गुडघ्यावर बसून पाहिली, टॉर्च नेली होती. साधी मोरी आहे. लख्ख वगैरे काही नाही. बरीच लख्ख आहे, पण घर नवीन आहे त्यांचं.

साडूने न मागताच अर्धा कॅन जिवाणू मला काढून दिले. हाच त्याचा कावा! मागितले असते आणि नाही म्हणाला असता, तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. वर सूचना: रोज रात्री कपभर मोरीत ओतायचं, नंतर आठ तास गरम पाणी नको, ब्लीच नको, फिनाइल नको. कॅनचं झाकण रोज सैल करायचं, आत गॅस होतो. हे सगळं कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मला! बावीस वर्षं!

सासूबाई मजेत दिसल्या. लहानपणीच्या शाळेचं काहीतरी सांगत होत्या आणि साडू काच पुसत नुसता ‘मग?’, ‘मग?’ करत होता. बिचाऱ्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसतंच.

निघताना ठरलं ते असं. रविवारी २२ तारखेला सासूबाई आमच्याकडे येणार, आंघोळ करणार. पाणी पायाच्या बोटांवर चढलं नाही तर परत राहायला येण्याचा विचार करतील. हिने मला रस्त्यात बजावलं की आईला परत आणायचं असेल तर त्या कागदाप्रमाणे वागा, डोकं चालवू नका. मी म्हटलं, आल्या काय नि न आल्या काय, मला काही फरक पडत नाही.

सतरा दिवस उरले.

६ फेब्रुवारी
जिवाणू मोरीत सोडले. त्याआधी जंतुनाशकाची अख्खी बाटली ओतून मोरी स्वच्छ करून घेतली. पाहुणे यायचे म्हणजे घर झाडून ठेवायला नको का? साडूच्या कागदात हे नव्हतं. त्याच्या लक्षातच आलं नसणार.

७ फेब्रुवारी
पाणी होतं तिथेच आहे. साडूने मला आळशी जिवाणू दिले. चांगले स्वतःकडे ठेवले.

८ फेब्रुवारी
निम्मे शिल्लक होते त्यांच्यापासून स्वतःची पैदास सुरू. साडू चमचाभर तेल घालतो, मी बाटलीभर घातलं. साखर किलोभर. आमच्याकडे आलेल्याला उपाशी ठेवायची पद्धत नाही. कॅन स्वयंपाकघरात ओट्याखाली. झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी मारली, कारण वास बाहेर आला तर हिला कळेल.

९ फेब्रुवारी
कॅन फुगला आहे. जिवाणू अंगाला लागले म्हणायचे. साडूचा कॅन कधी असा फुगत नाही.

१० फेब्रुवारी. सकाळी ८.०५
फुटला.

दुपारी, ऑफिसातून
तपशिलात जात नाही. झाकण छताला लागलं आणि बाकीचं सगळ्यांना. ही इस्त्रीचे कपडे घालून निघायच्या तयारीत होती. हिने कपाळावरचं तेल पुसलं, माझ्याकडे पाहिलं, आणि साडूला फोन लावला. हसल्याचा आवाज आला. साडूचा नव्हे, सासूबाईंचा! माझ्या किस्स्यांना त्या कधी अशा मोठ्याने हसल्या नाहीत. अर्थात ते किस्से विचार करायला लावणारे असतात.

११ फेब्रुवारी
मला मोरीबंदी. हिने प्लंबर बोलावला. खरं तर तिने जानेवारीतच आमच्या खिडकीवर रीतसर तक्रार दिली होती. मीच नोंदवून घेतली, क्रमांक ३१७. सध्या २०४ चालू आहे. ओळखीने पुढे ढकलणं माझ्या तत्त्वात बसत नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

प्लंबरने सळई घालून वीतभर चिकट गोळा बाहेर काढला. म्हणाला, आतली भिंत अजून मेणचट आहे, महिनाभरात पुन्हा तुंबेल. मग नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, इथे जंतुनाशक कोणी ओतलं? यात साधे जंतूसुद्धा जगायचे नाहीत, तुमचे पाळीव कसले जगतात! ही माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

१३ फेब्रुवारी
साडू स्वतः नवा कॅन घेऊन आला. मी बाजारात गेलो. आणायचं काही नव्हतं.

ही रोज झोपण्याआधी कपभर ओतते, दाराला कडी लावून. कागद आरशावर चिकटवलाय. दाढी करताना समोर साडूचं अक्षर. दोनदा कापलं.

१७ फेब्रुवारी
आंघोळ केली. पाणी थोडं रेंगाळलं आणि गेलं. योगायोग.

१९ फेब्रुवारी
तीन बादल्या एकदम ओतून पाहिल्या. घळाघळा गेल्या. आता शांतपणे विचार करता लक्षात येतं की पाया माझ्या जंतुनाशकानेच घातला होता. साडूच्या जिवाणूंनी फक्त वरवरची आवराआवर केली. हे हिला समजावलं. मिक्सर.

२१ फेब्रुवारी
सासूबाईंची खुर्ची पुसली. उशी उन्हात टाकली. मला काही फरक पडत नाही, पण खुर्ची धुळीने खराब होते. पस्तीस दिवसांचे किस्से साठलेत. विसरू नयेत म्हणून एका कागदावर क्रमाने मांडले. दोन्ही बाजूंनी.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दहाला सासूबाई आल्या. साडू स्कूटरवरून सोडून गेला. आत आला नाही, म्हणाला दुकान उघडायचंय. रविवारी? शहाणपणा सगळा.

सासूबाई आंघोळीला गेल्या. मी दाराबाहेर उभा. आत पाणी पडतंय, मोरीतून गडगड जातंय. बाहेर आल्या त्या प्रसन्न. पायाचं बोटसुद्धा बुडालं नाही म्हणाल्या. माझा हात हातात घेतला! ‘जावईबापू’ म्हणाल्या! मला भरून आलं. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. फार भरून आलं. मी कागद आणायला आत पळालो.

कागद घेऊन येतो तर मायलेकी स्वयंपाकघरात बोलत होत्या. दार लोटलेलं. मी मुद्दाम ऐकलं नाही. थांबलो एवढंच.

ही म्हणत होती, मोरी झाली ना नीट, आता सामान कधी आणायचं? सासूबाई म्हणाल्या, मोरीचं काय गं, तुंबलेल्या मोरीत मी चार वर्षं आंघोळ केली आणि तोंडातून ब्र काढला नाही. पण रोज साडेसहाला दोन तास ते तक्रारींचं पारायण! डोळे मिटून पडले तरी थांबत नाहीत. तिकडे हे धाकटे विचारतात, आई, तुमचं काय चाललंय? सात वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. त्यांना यातलं बोलू नकोस, मनाला लावून घेतील. मोरीचंच कारण राहू दे.

कागदाची घडी करून खिशात ठेवली.

साडेचारला साडू न्यायला आला. मी म्हटलं, या, बसा, चहा घ्या. तो बसला. मला म्हणाला, दादा, तुमचं काय चाललंय? त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं.

२३ फेब्रुवारी. सकाळी
रात्रभर विचार केला. यात अवघड काय आहे? विचारायचं आणि ऐकायचं. साडूला जमतं, तर मला का जमू नये? मी बावीस वर्षं लोकांचं ऐकायचाच पगार घेतो.

संकल्प: आज साडेसहाला सासूबाईंना फोन. फक्त प्रश्न. ‘मग?’ निदान दहा वेळा.

संध्याकाळी ७.५०
केला. पहिलाच प्रश्न: आई, तुमचं काय चाललंय? म्हणाल्या, आज गुडघा जरा दुखतोय. फार बरं वाटलं त्यांना, आवाजावरून कळत होतं.

गुडघ्यावरून मला आठवलं, खिडकीवर येणाऱ्या एका बाईंचा गुडघा असाच होता, तेवढं फक्त सांगितलं. मग त्या बाईंची तक्रार. मग ओघाने क्रमांक २०५ ते २११.

मधेच पलीकडून आवाज येईनासा झाला. साडूच्या घरी नेटवर्क अगदीच वाईट आहे. आमच्याकडे असा त्रास नव्हता त्यांना.