गुळाचा खडा

पनवेल, मंगळवार, १२ मे १९५९

आज कारखान्याच्या शेठला मारलं.

मोटारींच्या ब्रेकचे लायनर घासायच्या मशीनवर पांडू सात वर्षं उभा आहे. लायनरची राखी धूळ नाकातोंडात जाते, म्हणून शेठ रोज सकाळी आम्हां कामगारांना गुळाचा एकेक खडा देतो. गुळाने धूळ पोटात उतरते म्हणे! आज पांडू खोकता खोकता खालीच बसला, तळहातावर रक्त. शेठ हसला. "द्या रे याला आणखी एक खडा!"

माझं डोकंच फिरलं. मानगूट धरून शेठचं तोंड मशीनखालच्या धुळीत दाबलं. धुळीत लोळवलेला गूळ त्याच्या दातांत कोंबला. "खा! उतरते ना पोटात?" ओठ फाटला, तरी सोडलं नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं. हे कसलं बरं वाटणं?

पांडूनेच मला मागे ओढलं. "सोड त्यांना, दादा! मना काय नाय झाला."

मग रक्ताळलेल्या हातानेच त्याने गुळाच्या डब्यातून एक खडा घेतला, तोंडात टाकला आणि मशीन सुरू केलं.